पाडण्यासाठी बांधलेली खोली

ओळंब्याने त्या आवारात चौदा महिन्यांत अकरा भिंती बांधल्या आणि त्यातली एकही उभी राहिली नाही. एखाद्या गवंड्याबद्दल असं ऐकलं तर माणूस म्हणेल, हा एक तर चोर असावा नाहीतर दारुडा. ओळंबा दोन्ही नव्हता. भिंत सरळ उठते आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतात, त्या वजनाला ओळंबा म्हणतात, आणि तेच नाव लोकांनी त्याला लावलं होतं. दोन सूत कललेलं त्याला सहन व्हायचं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेला तेव्हा सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर जावईबापू म्हणाले, "तुमच्या खिडकीची चौकट डावीकडे झुकली आहे." ती गोष्ट त्याची बायको अजून चारचौघांत सांगते आणि तो अजून म्हणतो, "झुकलीच होती."

तर अशा माणसाच्या अकरा भिंती पडल्या. पडल्या नव्हे, पाडल्या. बांधल्याच होत्या पाडण्यासाठी.

ते आवार म्हणजे राडारोड्याचा कारखाना. शहरात इमारती पडतात, त्यांच्या विटा, काँक्रीट, फरशा इथे यायच्या, यंत्रात दळायच्या, त्या चुऱ्याचे ठोकळे पाडायचे आणि ठोकळ्यांच्या पुन्हा इमारती व्हायच्या. आणि हे सगळं चालायचं उन्हावर. पत्र्याच्या छपरावर सोलरच्या दोनशे चाळीस पाट्या बसवल्या होत्या. कल्पना सोन्यासारखी होती, त्यात खोट काढायला जागा नाही. माणसांनी टाकलेलं पुन्हा माणसांच्या कामी यावं आणि त्यासाठी धूर होऊ नये, याहून चांगलं काय असतं? पण चांगल्या कल्पनेचं एक असतं, ती चालवायला साहेब लागतो.

इथल्या साहेबांना सगळे चक्रीसाहेब म्हणत, अर्थात पाठीमागे. 'हे एक चक्र आहे' या वाक्याशिवाय त्यांचं बोलणं सुरू व्हायचं नाही आणि संपायचंही नाही. माणूस वाईट नव्हता. कुणावर ओरडायचे नाहीत, कुणाचं नुकसान मुद्दाम करायचे नाहीत. फक्त आवारात जे असेल ते त्यांना दिसायचं नाही आणि अहवालात जे लिहिलं असेल ते मात्र डोळ्यांसमोर दिसायचं.

पहिल्या महिन्यात राडारोड्याचे आठ ट्रक आले. मग ठेकेदारांच्या लक्षात आलं की कारखान्यात माल द्यायचा तर तो निवडून द्यावा लागतो, वजन करावं लागतं, चार सह्या लागतात. त्यापेक्षा कारखान्याच्या मागचा ओढा जवळ पडतो, आणि ओढा सही मागत नाही. नवव्या ट्रकपासून सगळा माल ओढ्याच्या काठावर पडू लागला. कुंपणाच्या अलीकडे भुकेलेलं यंत्र आणि पलीकडे डोंगराएवढा घास, अशी गंमत झाली.

ओळंब्याने एकदा विचारलंही. "साहेब, तोच माल उचलून आत आणला तर?"

"तो ओढ्याच्या हद्दीत आहे," साहेब म्हणाले. "ओढा दुसऱ्या खात्याकडे आहे. त्यांच्या लेखी तिथे राडारोडा नाहीच. जो नाही तो आपण उचलणार कसा?"

राडारोडा बंद झाला, पण पाहुणे सुरू झाले. कारखाना बघायला शिष्टमंडळं येत, अधिकारी येत, शाळा येत. त्यांना यंत्र चालताना दाखवायलाच हवं. कामगार त्या यंत्राला जातं म्हणत. रिकामं जातं फिरवून दाखवायचं कसं? तेव्हा साहेबांना युक्ती सुचली. उरलेल्या ठोकळ्यांची ओळंब्याने एक भिंत बांधायची. पाहुणे आले की त्यांच्यासमोर दोघांनी घण घालून ती पाडायची, तुकडे जात्यात टाकायचे, त्याचे ठोकळे करायचे. पुढच्या महिन्यात पाहुणे आले की त्याच ठोकळ्यांची पुन्हा भिंत. अहवालात दर वेळी नवे टन लिहिले जात. एकच विटांचा ढीग अकरा वेळा जन्माला येऊन अकरा वेळा मेला, आणि कागदावर अख्खं गाव पाडून पुन्हा वसवल्याची नोंद झाली.

भिंत दोन घणांत पडली पाहिजे, अशी ताकीद होती. म्हणून सिमेंट-वाळूचं प्रमाण एकास बारा. म्हणजे एक घमेलं सिमेंट आणि बारा घमेली वाळू. असल्या मालाने भिंत काय, मुलांचा किल्लासुद्धा टिकत नाही. पहिल्यांदा तो माल कालवताना ओळंब्याला आपण कुणाला तरी फसवतोय असं वाटलं. अकराव्यांदाही तसंच वाटलं. सवय झाली नाही, एवढंच त्याच्या बाजूने सांगता येईल. शिवाय प्रत्येक फेरीत थोडा माल धूळ होऊन उडायचा. पहिली भिंत दहा फूट लांब होती, अकरावी सहा फूट. साहेबांनी त्याचीही नोंद केली: कमी साहित्यात तेवढाच परिणाम.

ती धूळ जायची कुठे? तर वर, सोलरच्या पाट्यांवर. जातं तासभर फिरलं की पाट्या पांढऱ्या पडत, पाट्या पांढऱ्या पडल्या की वीज कमी होई, वीज कमी झाली की जातं कण्हायला लागे. मग वेचणाऱ्या बायकांनी शिडीवर चढून पाट्या धुवायच्या. लोकांच्या डोळ्यात धूळ फेकणारे पुष्कळ पाहिलेत, पण सूर्याच्या डोळ्यात रोज धूळ फेकणारी संस्था ही एकच.

वेचणाऱ्या बायका एकवीस होत्या. पट्ट्यावरून येणाऱ्या चुऱ्यातून लाकूड, लोखंड, प्लास्टिक वेचून काढणं हे त्यांचं काम. त्यांची मुकादम होती ओळंब्याची बायको. बोलायला फटकळ, कामाला वाघीण. आणि या एकवीस बायकांसाठी त्या आवारात संडास नव्हता.

पुरुषांचं एक असतं, त्यांना कुंपण पुरतं. बायकांना ओढ्याच्या पलीकडच्या झुडपात जावं लागे, राडारोड्याचे ढीग चढून-उतरून. त्यातही पाहुणे आले की तेवढीही सोय बंद. पाहुण्यांना उभं राहायला जो उंच ओटा बांधला होता, तिथून ओढा स्वच्छ दिसायचा, आणि साहेबांचं म्हणणं, चित्रात अडथळा येतो. त्या दिवशी बायका सकाळपासून पाणी पीत नसत. सगळ्यात म्हाताऱ्या वेचणारीला सगळ्या मावशी म्हणत. मावशी म्हणायची, "आपण पाट्यांना रोज अंघोळ घालायची आणि आपण मात्र तोंडाला पाणी लावायचं नाही."

ओळंब्याच्या बायकोने आठ अर्ज केले. पहिल्या सातांना उत्तर आलं नाही, म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आठव्याला आलं. त्यात लिहिलं होतं की नवीन बांधकामासाठी नवीन साहित्य वापरणं कारखान्याच्या धोरणात बसत नाही.

"मग जुनं वापरा," ती तडक साहेबांच्या खोलीत जाऊन म्हणाली. "ठोकळे आहेत, गवंडी माझ्या घरातच आहे. चार भिंती तर लागतात."

"अहो बाई, ते ठोकळे संडासात अडकले तर पुढच्या महिन्यात पाडायचं काय?" साहेब कळवळून म्हणाले. "हे एक चक्र आहे. चक्रातून वस्तू बाहेर काढून चालत नाही."

त्या दिवशी घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, तुम्ही दर महिन्याला एक भिंत बांधता. चार महिने त्यांनी पाडली नसती तर आमचं काम झालं असतं. साधा हिशेब आहे."

ओळंब्याचं स्वतःचं एक दुखणं होतं आणि ते संडासाएवढं सांगण्यासारखं नव्हतं. बत्तीस वर्षं त्याने लोकांच्या इमारती बांधल्या. त्यातल्या निम्म्या कुणाकुणाच्या मोठ्या इमारतींसाठी पाडल्या गेल्या होत्या, उरलेल्यांच्या फाटकावर पहारेकरी होते. गेल्या वेळी लेक माहेरी आली तेव्हा सहा वर्षांची नात विचारत होती, "आजोबा, तुम्ही बांधलेलं घर दाखवा ना." तिला हाताला धरून तो दुपारभर फिरला आणि शेवटी एका पुलाच्या कठड्याचा कोपरा दाखवून परत आला. मरण्याआधी आपली एक भिंत, नीट बांधलेली, उभी राहावी आणि ती नातीला हात लावून बघता यावी, एवढंच त्याला हवं होतं. मागणं मोठं नव्हतं. पण तो काम करत होता तिथे तेवढंच नेमकं मिळण्यासारखं नव्हतं.

मग पुरस्काराची बातमी आली. पर्यावरणासाठी उत्तम काम करणाऱ्या संस्थेला द्यायचा मोठा पुरस्कार, आणि निवड समिती स्वतः बघायला येणार. साहेबांच्या पायाला भिंगरी लागली.

"या वेळी भिंत नको," ते ओळंब्याला म्हणाले. "खोली बांध. अख्खी खोली, वर सोलरची पाटी. समितीसमोर पाडायची, दळायची आणि त्यांचं जेवण होईपर्यंत तिचा बाक करून त्यावर त्यांना बसवायचं."

"साहेब, ठोकळे सहा फूट भिंतीचे उरलेत."

"आणतो."

दोन दिवसांनी दोन ट्रक आले. ओळंबा धावत गेला, तर आत कोऱ्या करकरीत नव्या विटा. भट्टीची ऊब अजून गेली नव्हती. एक वीट उचलून त्याने दुसरीवर वाजवली. खणखणीत आवाज आला. इतकी चांगली वीट त्याच्या हाताला दहा वर्षांत लागली नव्हती.

"जात्यात टाका," साहेब म्हणाले.

"साहेब, या नव्या आहेत!"

"आज नव्या आहेत. पन्नास वर्षांनी त्यांचा राडारोडाच होणार आहे ना? आपण मधली पन्नास वर्षं वाचवतोय."

दोन ट्रक नव्या विटा दळून त्यांचे जुने ठोकळे झाले. मावशी पट्ट्याशी उभी राहून म्हणाली, "यात वेचायला काहीच येत नाहीये गं," आणि सगळ्या बायका हसत सुटल्या. ओळंब्याला मात्र रडू आलं. चांगल्या विटेचा चुरा होताना बघणं गवंड्याला जमत नाही, आणि त्याने ते लपवलंही नाही.

घरी त्याने बायकोला खोलीचं सांगितलं. तेव्हा ती केस विंचरत होती. विंचरता विंचरता थांबली.

"खोली बांधायचीच आहे ना? मग आमच्या मापाने बांधा."

"म्हणजे?"

"मध्ये आडभिंत. दोन भाग. वर झरोके. मागच्या बाजूला नळ जाईल एवढी दोन भोकं."

"अगं, पाडायची आहे ती."

"पडेल तेव्हा पडेल. तुम्ही एकास बारा केलीत तर दोन घणांत पडेल. एकास पाच केलीत तर?"

पाण्यात राहून माशाशी वैर करायचं ओळंब्याच्या स्वभावात नव्हतं. नोकरीतली चार वर्षं राहिली होती. पण एकास पाच हे शब्द ऐकल्याबरोबर त्याच्या हाताला जी सुरसुरी आली ती त्याला थांबवता आली नाही. "पाणी मारावं लागेल," तो म्हणाला. "दहा दिवस. सकाळ-संध्याकाळ."

"एकवीस बायका आहेत. पाण्याचं तुम्ही बोलू नका."

मग काम सुरू झालं. ओळंब्याने हात-दीड हात खोल पाया खणला. पाडायच्या खोलीला पाया कशाला, असं कुणी विचारलं नाही, कारण साहेब बांधकामाकडे बघतच नसत. तिचं वजन किती भरेल तेवढंच विचारत. माल एकास पाच. थरावर थर, सांध्यावर सांधा येऊ न देता, प्रत्येक थराला दोरी. बायकांनी मागे खड्डा खणला आणि साहेबांना सांगितलं की पाट्या धुतलेलं पाणी वाया जातंय, ते जिरवायला आहे. साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी खड्ड्याचा फोटो काढून अहवालात लावला. पाट्यांचं पाणी पन्हळीतून एका टाकीत यायला लागलं. संडासाची दोन भांडी मात्र राडारोड्यातच मिळाली, ओढ्याच्या काठावर. कुणाच्या तरी पाडलेल्या घरातली, नीट, टवकासुद्धा न उडालेली. ती आत बसवून टाकली. जो राडारोडा तिथे नाहीच, त्यातून दोन भांडी उचलल्याने कुणाचं काय जाणार होतं?

सकाळी कामाची घंटा होण्याआधी बायका कळशीने भिंतींना पाणी मारत. दहा दिवसांत भिंती अशा आवळल्या की खिळा ठोकायचा म्हटलं तरी वाकावा. शेवटच्या दिवशी ओळंब्याने चारही कोपऱ्यांना ओळंबा लावून बघितला. सूतभर इकडे नाही, तिकडे नाही. तीस वर्षांपूर्वी तो असं काम रोज करत असे, हे त्याला आठवलं आणि बरं वाटलं.

समिती आली. तिघेजण होते, प्रमुख एक वयस्कर बाई होत्या, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत होते. त्यांच्या येण्याआधी साहेबांनी डिझेलचा जनित्र संच आणि तोडफोडीचं डिझेलचं यंत्र ताडपत्री टाकून झाकून ठेवायला लावलं होतं. इथे सगळं उन्हावर चालतं ना! पाहुणे ओट्यावर उभे राहिले. साहेबांनी चक्राचं भाषण केलं. मग हात वर करून म्हणाले, "पाडा!"

दोघांनी घण उचलला. पहिला घाव. घण उसळून मागे आला. दुसरा घाव. ठोकळ्यावर पांढरा ठिपका उमटला. तिसरा, चौथा, सातवा. एकाचा दांडा मोडला. दुसरा मनगट चोळत खाली बसला. ओळंबा मागे उभा होता, आणि प्रत्येक घावाला त्याच्या मनात कुणीतरी 'शाब्बास' म्हणत होतं.

साहेबांच्या कपाळाला घाम. डिझेलचं यंत्र ताडपत्रीखाली, काढावं तर इभ्रत जाते, न काढावं तर खोली पडत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. पण साहेब उगीच साहेब झाले नव्हते. आठव्या घावाला ते ओट्याच्या कडेला आले आणि आवाज चढवून म्हणाले, "बघितलंत? हेच आम्हाला दाखवायचं होतं!"

समितीने टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाई खाली उतरल्या, भिंतीवरून हात फिरवला. "कुणी बांधली?" त्यांनी विचारलं.

ओळंब्याला पुढे ढकललं गेलं. बाईंनी त्याचा हात हातात घेतला. "ही खोली कधीच पाडू नका," त्या साहेबांना म्हणाल्या. "टाकाऊतून किती टिकाऊ उभं राहू शकतं, याचं हे स्मारक आहे. लोकांना बघू द्या. आणि यांचं नाव लिहा."

पुरस्कार मिळाला. आणि दुसऱ्या दिवशी साहेबांनी ओळंब्याला बोलावून सांगितलं, "आता ते दार बंद कर. ठोकळ्यांनी. उघडं राहिलं तर कुणी तरी आत जाऊन घाण करेल."

आता इथे ओळंब्याच्या बाजूने बोलायला माझ्याकडे काही नाही. त्याने नाही म्हणायला हवं होतं. पण साहेबांच्या टेबलावर एक पाटी होती, काळ्या दगडाची, आणि तिच्यावर त्याचं टोपणनाव नव्हे, खरं नाव होतं, वडिलांच्या नावासकट. बत्तीस वर्षांत त्याचं नाव फक्त हजेरीपटावर लिहिलं गेलं होतं. त्याने पाटी दोनदा वाचली. मग जाऊन दार बंद केलं. तेही एकास पाचने, आणि बुजवलेल्या दारावर ती पाटी बसवली. वाईट काम त्याला करताच येत नव्हतं.

संध्याकाळी बायको घरी आली, पाटीबद्दल काही बोलली नाही. "ताट वाढलंय," एवढंच म्हणाली. पुढचे कितीतरी दिवस ती एवढंच म्हणत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं. दगडापेक्षा वीट मऊ असं म्हणतात, पण ती दगडही झाली नाही नि वीटही. ती फक्त गप्प झाली.

"पडली नाही ना, हे काय कमी आहे?" तो एकदा म्हणाला.

"पडली असती तर निदान आशा राहिली असती," ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

स्मारक बघायला लोक येऊ लागले. आधी महिन्यातून एकदा पाहुणे येत, आता रोज. दहा ते चार ओटा भरलेला. ओळंब्याला नवं काम लागलं, पाटीवरची धूळ पुसायची आणि कुणी विचारलं तर सांगायचं. तो हौसेने सांगायचा. लेकीला फोन करून त्याने कळवलं की नातीला घेऊन ये. ओटा रोज भरलेला म्हणजे काय, याचा त्याने विचार केला नाही. भरल्या पोटी माणसाला ज्या गोष्टी सुचत नाहीत त्यातली ती एक.

लेक नातीला घेऊन आली. त्या सकाळी बायको अंगात ताप असतानाच कामावर गेली होती. चार दिवस कंबर धरून चालत होती. लेकीने आईला बळेच डॉक्टरीणबाईंकडे नेलं आणि दुपारी तिच्यासोबत परत आल्यावर आवाराच्या फाटकातच बापाला गाठलं.

"बाबा, आईला लघवीचा त्रास झालाय. डॉक्टर म्हणाल्या, ही पहिली वेळ नाही, असंच चाललं तर मूत्रपिंडावर जाईल. दिवसाला अडीच लिटर पाणी प्या म्हणाल्या, तर आई हसायला लागली."

"मग प्यायला काय झालं?"

"तेच मी विचारलं. ती म्हणाली, तुझ्या बाबांना विचार, ओटा किती वाजता रिकामा होतो."

ओळंब्याने पट्ट्याकडे बघितलं. तिथे एकवीस बाटल्या ओळीने ठेवल्या होत्या, काठोकाठ भरलेल्या, दुपारचे दोन वाजले तरी. गेले दोन महिने तो त्या ओळीवरून येत-जात होता. दोन सूत कललेली चौकट ज्याला दिसते, त्याला भरलेल्या एकवीस बाटल्या दिसल्या नव्हत्या. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की लेकीच्या तोंडाकडे बघवेना.

नात त्याचा हात ओढत होती. "आजोबा, हीच का तुमची खोली? आत काय आहे?"

"काही नाही."

"मग दार का नाही?"

ओळंबा अवजारांच्या खोलीत गेला आणि छिन्नी-हातोडा घेऊन आला. ओट्यावर तेव्हा एका शाळेच्या शिक्षिकांचा घोळका होता, चाळीसेक जणी, उन्हात दोन तास चक्राचं भाषण ऐकून दमलेल्या. त्यांच्यादेखत त्याने स्मारकाच्या पुढच्या भिंतीला, बरोबर पाटीखाली, छिन्नी लावली.

पहिल्या घावाला पाटीला तडा गेला. वडिलांचं नाव एकीकडे, त्याचं दुसरीकडे. त्याने बघितलं आणि दुसरा घाव घातला.

ते काम सोपं नव्हतं. एकास पाच होतं ते. दहा दिवस पाणी मारलेल्या भिंतींच्या कुशीत बसवलेलं, कुठेही सांधा न सोडलेलं. आपण किती चांगलं काम केलं आहे हे त्याला प्रत्येक घावाला कळत होतं आणि प्रत्येक घावाला तो स्वतःलाच शिव्या देत होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तळहाताला फोड आले, फुटले. पट्ट्यावरच्या बायका काम सोडून येऊन उभ्या राहिल्या. मग मावशीने दुसरा हातोडा घेतला आणि खालून सुरुवात केली. सव्वा तासाने माणूस आत जाईल एवढी वाट झाली.

चक्रीसाहेब धापा टाकत आले तेव्हा ओळंब्याची बायको आत गेली होती. दाराला फळी अजून नव्हती, म्हणून ओळंबा त्या वाटेत बाहेर तोंड करून, दोन्ही हात चौकटीच्या जागी टेकवून उभा होता. अंगभर धूळ, हातातून रक्त.

"काय केलंस हे? ते स्मारक आहे!" साहेब पहिल्यांदाच ओरडले. "बाजूला हो!"

"नाही होत."

"मी सांगतोय, बाजूला हो. मला नुकसान बघू दे."

"साहेब," ओळंबा म्हणाला, "आत बाई आहे."

यावर अहवालात काही उत्तर नव्हतं. मग साहेबांच्या लक्षात आलं की आपण नेमके कुठे बघतो आहोत, आणि गडबडीने त्यांनी पाठ फिरवली.

पाठ फिरवल्यावर त्यांना दिसलं की ओटा रिकामा झाला आहे. वीस वेचणाऱ्या बायका एकामागे एक उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे शिक्षिका. सगळ्यात पुढच्या शिक्षिकेने मावशीच्या खांद्याला हात लावून हळूच विचारलं, "अहो, आम्ही पण गेलो तर चालेल का? सकाळपासून..."

"चालेल की," मावशी म्हणाली. "पण नंबराने हं. आम्ही दीड वर्ष उभ्या आहोत."